वायर काढू नये

चिकलठाण्याच्या औषध कारखान्यात मी रुजू झाले तेव्हा माझ्या पदाचं नाव कंट्रोल इंजिनिअर असं होतं. माझ्या कंट्रोलमध्ये काय होतं ते मला पहिले सहा महिने कळलं नाही. गोळ्यांच्या पॅकिंग हॉलमधल्या मशिनी बिघडल्या की मला बोलावत, एवढं मात्र खरं.

त्यातल्या सगळ्यात नव्या मशिनीवर कॅमेरा होता. गोळ्यांची स्ट्रिप खालून सरकत जायची, कॅमेरा तिचा फोटो काढायचा, आणि एखाद्या खणात गोळी नसली की ती स्ट्रिप बाजूच्या लाल डब्यात जाऊन पडायची. हा कारभार एक कॉम्प्युटर बघायचा. महिन्यातून दोन-तीनदा हा कॉम्प्युटर मरायचा. मरायचा हाच शब्द सगळे वापरत. पडदा काळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या वीस-पंचवीस ओळी यायच्या आणि मशीन आहे तिथं थांबायची. पॅकिंगच्या बायका हातमोजे काढून गप्पा मारायला लागायच्या. मग कुणीतरी बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, पुन्हा चालू करायचं.

माझ्या आधी या दुखण्यावर इलाज झालेले होते. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून येऊन कॉम्प्युटर बदलून गेला होता. नवा कॉम्प्युटर मरायला लागल्यावर त्यानं कागदावर लिहून दिलं, 'वीजपुरवठा तपासावा.' आमच्या इलेक्ट्रिशियननं वीज तपासून लिहिलं, 'कॉम्प्युटर तपासावा.' दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये एकमेकांना पाठ लावून बसले होते, आणि त्यामुळे प्रकरण कागदोपत्री मिटलेलं होतं.

मशीन चालवायचे ते गृहस्थ सत्तावन्न वर्षांचे होते. कारखान्यात सगळे त्यांना चाचा म्हणायचे, आमचे मॅनेजर साहेबसुद्धा. राहायला शहागंजच्या मागं, शिक्षण उर्दू शाळेत मॅट्रिकपर्यंत, आणि मराठी अशी की ऐकत बसावं.

माझ्यासमोर कॉम्प्युटर पहिल्यांदा मेला तेव्हा मी धावत गेले आणि बटणाला हात घातला.

"थांबा की मॅडम," चाचा म्हणाले. "एक मिनिट. लिहून घेतो, मग मारा बटण."

त्यांनी ॲप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पडद्यावरची अक्षरं एकेक करून उतरवायला लागले. हॉलमध्ये मोबाइल न्यायला बंदी होती, त्यामुळे फोटोचा प्रश्न नव्हता. आणि त्या ओळी कॉम्प्युटरमध्ये कुठं साठतही नव्हत्या, कारण साठवायचं काम ज्याचं तोच मेलेला असायचा. मी बघत राहिले. आकडे, कंस, अधोरेषा, सगळं जसंच्या तसं. इंग्रजी वाक्य त्यांना वाचता यायचं नाही, पण अक्षर असं की छापल्यासारखं.

"हे तुम्ही नेहमी लिहून ठेवता?"

"व्हय. आतापर्यंत दहा झाले. हा अकरावा."

"कुणाला दाखवले?"

"कुणी विचारलंच नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकराही कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिले. प्रत्येकावर वर तारीख आणि वेळ, खाली सही. पुण्याच्या त्या इंजिनिअरला आठ तास बसून जे मिळालं नव्हतं ते आमच्या हॉलमध्ये एका खिशात होतं.

आता थोडं समजावून सांगावं लागेल. त्या कॉम्प्युटरमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टीम होती ती जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही उघडून बघता येणारी. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलचं एक मोठं काम म्हणजे मेमरीची वाटणी. जो प्रोग्राम जागा मागेल त्याला द्यायची, त्याचं काम झालं की परत घ्यायची, दुसऱ्याला द्यायची. अकरा कागदांवर पहिली ओळ एकच होती. मेमरीच्या एका पानाची, म्हणजे एका तुकड्याची, अवस्था बिघडली आहे, असा तिचा अर्थ. पण त्याखाली, त्या वेळी कोण काम करत होतं ते दर कागदावर वेगळं होतं. कधी कीबोर्ड बघणारा, कधी डिस्कवर लिहिणारा. मेलेला दर वेळी निराळा, आणि मारणारा कुठंच नाही.

ते कागद मी हर्सूलला घरी नेले. रविवारी जेवणाच्या टेबलावर पसरून बसले. आईनं तीनदा ताट ठेवायला जागा मागितली. मी फोनवर एका मैत्रिणीला सांगत होते की कर्नल पडतोय, दर वेळी नव्या ठिकाणी पडतोय, आणि का पडतोय ते समजत नाही.

फोन ठेवल्यावर आई काळजीनं म्हणाली, "कोण गं हे कर्नल? छावणीतले हायत का? वय लई झालंय का त्यांचं?"

मी समजावून सांगितलं. तिला पटलं असं वाटलं नाही. त्या आठवड्यात तिनं शेजारी काय सांगितलं माहीत नाही, पण शेजारच्या काकूंनी मला स्थळाबद्दल विचारणं बंद केलं.

उत्तर सापडलं ते कर्नलमध्ये नाही, सफाईच्या रजिस्टरमध्ये. औषधाच्या कारखान्यात कुणी काय पुसलं याचीही नोंद होते. अकरा तारखा मी रजिस्टरशी ताडून बघितल्या. प्रत्येक वेळी, मरणाच्या दोन-तीन तास आधी, एकच ओळ होती: 'कॅमेरा लेन्स साफ केली.' आणि सही चाचांची.

मी त्यांना विचारलं, लेन्स कशी पुसता. त्यांनी करून दाखवलं. कॅमेरा मशिनीच्या पोटात उलटा बसवलेला. लेन्सपर्यंत हात पोचायचा तर तो खोबणीतून बाहेर काढावा लागे, आणि त्याची वायर इतकी आखूड की वायर उपटल्याशिवाय तो बाहेर येत नसे. ते वायर काढत, मलमलच्या फडक्यानं लेन्स पुसत, फुंकर न मारता, कारण फुंकरेत थुंकी असते. मग पुन्हा बसवत. बाकीच्या दोन शिफ्टचे ऑपरेटर वरवर फडकं फिरवून नोंद करायचे. त्यांच्या शिफ्टमध्ये कॉम्प्युटर कधी मरत नसे.

म्हणजे कारखान्यात जो एक माणूस सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करत होता, त्याच्याच हातानं कॉम्प्युटर मरत होता.

पुढचं मी त्यांना चहाच्या वेळी कँटीनमध्ये सांगितलं. वायर निघाली की कॅमेरा सांभाळणारा भाग कर्नलला सांगतो, कॅमेरा गेला, ही जागा मोकळी झाली. पण पडद्यावर चित्र दाखवणारी खिडकी अजून त्याच जागेकडे डोळे लावून असते. एखाद्या वेळी कर्नल ती जागा भलत्यालाच देऊन टाकतो. दोन तासांनी बॅच संपते, खिडकी बंद होते आणि जाताना तीही म्हणते, ही घ्या माझी जागा परत. जागा तर केव्हाच दुसऱ्याची झालेली. तिथं कर्नल हात टेकतो.

चाचांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे असं म्हणा ना मॅडम, एसटीत माझा रुमाल सीटवर हाय, अन् कंडक्टरनं तिथं दुसऱ्याला बसवलं."

"हो."

"अन् मी उतरताना रुमाल उचलला, तर तो बसलेला माणूसच खाली पडला."

"अगदी तसंच."

"मग गलती कंडक्टरची हाय," ते म्हणाले. "माझी नाय."

"तुमची नाहीच."

हे मी कँटीनमध्ये म्हणाले. अहवालात मात्र मी लिहिलं, 'मशीन चालू असताना ऑपरेटरनं वायर काढल्यामुळे कर्नल बंद पडतो.' त्यापुढं दीड पान मेमरीबद्दल होतं. ते दीड पान वाचलं जाईल असं समजण्याइतकी मी तेव्हा नवी होते.

साहेबांनी मीटिंग बोलावली. अहवाल समोर धरून विचारलं, "वायर कोण काढतं?"

मी म्हणाले, "सर, प्रश्न वायरीचा नाही. कर्नलमध्ये..."

"ते ठीक आहे. काढतं कोण?"

चाचा भिंतीशी उभे होते. "मी काढतो साहेब. मशीन आली तेव्हापासून."

"का?"

"लेन्स पुसायला."

"मग वायर न काढता पुसा."

"हात पोचत नाय साहेब."

"मग पुसू नका," साहेब म्हणाले. "पण लेन्स स्वच्छ ठेवा."

मीटिंग सात मिनिटांत संपली. संध्याकाळपर्यंत मशिनीवर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद लागला: 'वायर काढू नये.' आणि दोन दिवसांनी चाचांना मेमो मिळाला. निष्काळजीपणाबद्दल. तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला, रिटायर व्हायला अकरा महिने असताना. त्यात माझ्या अहवालातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

मी त्यांच्याकडे गेले. ते मशिनीला तेल देत होते.

"मॅडम, तुम्ही खरं तेच लिहिलं," ते म्हणाले. "नाय काढली असं कसं लिहिणार?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी पाटीवरचा हुकूम तंतोतंत पाळला. वायर काढली नाही, लेन्स पुसली नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्यांची पूड लेन्सवर बसली आणि कॅमेऱ्याला भरल्या खणात गोळी दिसेना. चांगल्या स्ट्रिपा धडाधड लाल डब्यात पडू लागल्या. कॉम्प्युटर मात्र मरत नव्हता. साहेबांनी हेड ऑफिसला कळवलं की बंद पडण्याचं प्रमाण शून्यावर आलं आहे. ते खरंच होतं.

शेवटी मी एक आडवाट काढली. आधी खिडकी बंद करायची, मग वायर काढायची, म्हणजे एकच जागा दोनदा परत यायचा प्रश्न नाही. पण खिडकी बंद केली की मशीन समजे बॅच संपली, आणि बॅच मध्येच संपवायला तीन सह्या लागत. साहेबांना ही पद्धत आवडली. तिची चार पानी लेखी कार्यपद्धती तयार झाली. लेन्स पुसायची म्हणजे तीन सह्या. ज्या कामाला चाचांना पूर्वी दोन मिनिटं लागत त्याला आता पाऊण तास लागायला लागला, आणि ते काम पहिल्यांदाच नियमात बसलं.

मेमो काही मागं घेतला गेला नाही. तेव्हा मी ठरवलं की दोष हाताचा नव्हता हे कुठंतरी लिहून ठेवायचं. कारखान्याच्या फाइलीत जमत नसेल तर कर्नलच्या.

त्या कॅमेऱ्याच्या जातीचा एक जुना कॅमेरा मी मिळवला आणि घरच्या कॉम्प्युटरला जोडला. पुढचे चार रविवार मी वायर काढत होते आणि लावत होते. आईनं एकदा विचारलं, "लागत नाय का ती नीट?" मी म्हणाले, लागते, म्हणूनच काढतेय. कॉम्प्युटर मेला की मला आनंद व्हायचा. मध्येच वीज जायची आणि तो भलत्याच कारणानं मरायचा, तेव्हा चरफड व्हायची.

दुरुस्ती लहान होती. कॅमेरा गेला तरी खिडकी उघडी आहे तोवर जागा मोकळी म्हणायची नाही, शेवटचा उठला की मगच परत द्यायची. नऊ ओळी घातल्या, दोन काढल्या. वायर साठ वेळा उपटली. काही झालं नाही.

कर्नलमध्ये बदल सुचवायचा तर तो मेलनं पाठवावा लागतो, सगळ्यांसमोर, आणि तो भाग सांभाळणारे लोक त्यावर बोलतात. माझा पहिला मेल वाचलाच गेला नाही, कारण त्यातली अक्षरं रंगीत होती. दुसऱ्याला उत्तर आलं की काय केलं ते लिहिलंय, का केलं ते लिहा. तिसऱ्याला परदेशातल्या एका अनुभवी गृहस्थांचं उत्तर आलं, एका ओळीचं. ते मी दोनदा वाचलं. त्याचा अर्थ असा होता: वापर चालू असताना वायर काढू नये.

मला हसू आलं. सात समुद्र ओलांडून मी पुन्हा आमच्या साहेबांच्याच केबिनमध्ये येऊन पोचले होते.

या वेळी मी गप्प बसले नाही. लिहिलं, की वायर माणसाच्या हातानं निघते, पाय अडकून निघते, उंदीर कुरतडतो म्हणूनही निघते. वायर निघाली तर कॅमेरा बंद पडावा, अख्खा कॉम्प्युटर का मरावा? लेन्स पुसणाऱ्या माणसाची यात चूक नाही. त्यांनी पुरावा मागितला. मी चाचांच्या अकरा कागदांची चित्रं पाठवली.

दोन दिवसांनी दुसऱ्याच एका बाईंनी लिहिलं की सगळ्या कागदांवरचे मेमरीचे पत्ते त्यांनी तपासले, एकही आकडा चुकलेला नाही, आणि दुरुस्ती बरोबर आहे. खाली विचारलं होतं, हे अक्षर कुणाचं? त्या अनुभवी गृहस्थांनी पुढच्या मेलमध्ये एक शब्द लिहिला: मान्य.

दुरुस्तीच्या खाली, दोष कुणी कळवला त्याचं नाव घालायची रीत आहे. नावापुढं मेलचा पत्ता लागतो. मी चाचांना विचारलं. त्यांची मुलगी उर्दू शाळेत शिक्षिका, तिनं त्यांचा पत्ता उघडून दिला. नाव कसं लिहू विचारलं तर म्हणाले, "पूरा लिहा. वालिदांच्या नावासकट." तसं लिहिलं. ते नाव आता जगातल्या कोट्यवधी कॉम्प्युटरांच्या इतिहासात आहे, आणि ते कुणाला खोडता येत नाही.

ते पान छापून मी ऑफिसात नेलं, मेमोशेजारी लावा म्हणाले. तिथल्या बाईंनी उलटसुलट बघितलं. "याच्यावर लेटरहेड नाही," त्या म्हणाल्या. "आवक नंबर पण नाही. असं फाइलला लावता येत नाही हो." त्यांचंही बरोबर होतं.

दुरुस्त केलेला कर्नल आमच्या मशिनीत बसवायचा मी अर्ज केला. औषधाच्या कारखान्यात कागदाशिवाय स्क्रूसुद्धा बदलत नाहीत, आणि गोळी खाणाऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. क्वालिटीवाले म्हणाले, मशीनवाल्या कंपनीचं प्रमाणपत्र आणा. कंपनी म्हणाली, पुढच्या आवृत्तीत देऊ. पुढच्या आवृत्तीला नवा कॉम्प्युटर लागत होता.

चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते तिसऱ्या सहीची वाट बघत बसले होते. ते बराच वेळ हसले.

"म्हणजे साऱ्या दुनियेचं दुरुस्त झालं," ते म्हणाले, "अन् आपलंच ऱ्हायलं."

ते रिटायर झाले त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेबांनी भाषणात त्यांच्या काटेकोरपणाचं मनापासून कौतुक केलं. मेमोची त्यांना आठवण नसावी. मी टाळ्या वाजवल्या. चाचा माझ्याकडे बघत नव्हते, शालीची घडी नीट करत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबलेला.

"मॅडम, मला परदेशातून मेल आलाय. इंग्रजीत. पोरीनं वाचून दाखवला. तुमच्या त्या कामात कायतरी गळतंय म्हणतेत."

मेल मलाही आला होता, मी उघडला नव्हता. तैवानमधल्या एका बाईंनी लिहिलं होतं. मी उघडून वाचला, मग माझ्या नऊ ओळी वाचल्या. खिडकी उघडता उघडताच काही कारणानं बंद पडली, तर राखून ठेवलेली जागा मी कधी परतच देत नव्हते. ती कायमची अडकून पडायची. कॉम्प्युटर मरणार नाही, पण हळूहळू जागा आटत जाईल. दोष सरळ होता आणि पूर्णपणे माझा होता.

"बरोबर आहे त्यांचं, चाचा," मी म्हणाले. "चुकलंय माझं."

"चालायचंच. ते विचारतेत, मशीन हाय का अजून, टेस्ट करता का."

"मग?"

"मी पोरीला लिहायला सांगितलं, की आम्ही रिटायर झालो. मॅडम बघतील."

मी चूक कबूल करून तीन ओळी लिहिल्या. त्या बाईंनी दोन ओळींची दुरुस्ती पाठवली, माझ्यापेक्षा नीटस. रीतीप्रमाणे तिच्याखाली, दोष कुठल्या बदलामुळे आला त्याचं नाव येतं, म्हणून तिथं माझ्या कामाचं नाव आहे. मी ते पान छापलं नाही, पण अधूनमधून उघडून बघते. आपल्या चुकीची इतकी नेमकी आणि इतकी सभ्य नोंद मला दुसरीकडे कुठं बघायला मिळालेली नाही.

चाचांना या निमित्तानं चार मेल आले. मग थांबले. मुलगी सांगत होती, दुपारची शाळा सुटून ती घरी आली की ते आधी तिला पाणी पिऊ देतात, आणि मग विचारतात, आज कुणाचा आला का.